पिवळे मोजे, निळा अंगरखा आणि फीचा प्रश्न

नीलांबरी :
गेल्या सप्टेंबरात लंडनच्या सिटी भागात ऑफिसातून जेवायला बाहेर पडले, तर रस्ता अडवलेला. समोरून शाळेची मुलं बँडच्या तालावर चालत येत होती. घोट्यापर्यंत गडद निळा अंगरखा, कमरेला चामडी पट्टा, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि खाली हळदीसारखे पिवळे मोजे. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीचा मोजा घसरला होता. रांग न मोडता, चालता चालताच तिने तो वर ओढला आणि पुन्हा पावलात पाऊल मिळवलं. दिवसभर तेच डोळ्यांसमोर होतं.

ही शाळा म्हणजे क्राइस्ट्स हॉस्पिटल, १५५२ ची. 'हॉस्पिटल' म्हणजे इथे दवाखाना नव्हे, आसरा. आठव्या हेन्री राजाने गरिबांना आधार देणारे मठ बंद केले होते आणि लंडनच्या रस्त्यांवर बेवारस पोरं फिरत होती. बिशप रिडलीने सहाव्या एडवर्ड राजासमोर गरिबांचा विषय काढला, सिटीच्या नागरिकांनी वर्गणी काढली आणि न्यूगेट स्ट्रीटवरच्या ग्रेफ्रायर्सच्या रिकाम्या मठात मुलं राहू लागली. सुरुवातीलाच ३८० च्या आसपास, आणि त्यात मुलीही होत्या! राजाने १५५३ च्या जूनमध्ये सनद दिली आणि जुलैत तो गेला. वय अवघं पंधरा.

१९०२ मध्ये शाळा ससेक्समध्ये हॉर्शमजवळ गेली. आज तिथे सुमारे ९०० मुलं आहेत. घरचं उत्पन्न पाहून फी ठरते. बहुतेकांना सवलत मिळते, काहींना सगळीच माफ. इतकं असून १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर जो २० टक्के व्हॅट लागला, तो हिलाही लागला. श्रीमंतांच्या शाळा आणि ही शाळा एकाच मापाने मोजणं मला सरळ अन्याय वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

स्लाऊचा शिक्षक :
मला अन्याय वाटत नाही. मी सरकारी शाळेत गणित शिकवतो. ज्याची फी पूर्ण माफ आहे त्याच्या पालकांना व्हॅट भरावा लागत नाही. जो भरतो त्याला तो परवडतो, किंवा शाळेने सवलत वाढवावी. आणि पूर्ण फी भरणारी मुलंही या शाळेत आहेत, हे सांगायचं राहिलं.

माझा मुद्दा याहून जुना आहे. आज श्रीमंतांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळा बघा. विंचेस्टर १३८२ ची, ईटन १४४० ची. दोन्हीकडे सनदेत ७० गरीब विद्यार्थ्यांची सोय होती. त्या सत्तरांच्या भोवती पैसेवाल्यांची मुलं जमली आणि शाळा त्यांचीच झाली. क्राइस्ट्स हॉस्पिटल त्या वाटेने गेली नाही, हे मान्य. पण तिथेही प्रवेशाला शतकानुशतकं एखाद्या गव्हर्नरची, म्हणजे शाळेच्या विश्वस्ताची, शिफारस लागायची. पुढे निबंधकार झालेल्या चार्ल्स लॅमचे वडील सॅम्युअल सॉल्ट नावाच्या वकिलाकडे नोकरीला होते, म्हणून त्याचं काम झालं. कवी कोलरिज तर पाद्र्याचा मुलगा. वडील वारल्यावर ओळखीच्या न्यायाधीशाने शब्द टाकला. याला आपल्याकडे वशिला म्हणतात. ज्याला ओळखच नव्हती तो न्यूगेटच्या रस्त्यावरच राहिला.

इंग्लंडमध्ये शंभरातली सहा-सात मुलंच खासगी शाळेत आहेत. उरलेल्या त्र्याण्णवांचं बोला.

कसबा पेठ :
त्र्याण्णवांची काळजी घेणारं सरकार तेव्हा होतं कुठे? गावोगावी प्राथमिक शाळा काढायचा कायदा इंग्लंडमध्ये १८७० चा. त्याआधीची तीनशे वर्षं गरिबाच्या पोराला मठ, चर्च किंवा अशी एखादी धर्मादाय शाळा, एवढंच होतं. वशिला लागायचा म्हणून शाळाच नको होती, असं म्हणता येणार नाही.

मात्र नीलांबरी, हे नुसतं दान नव्हतं. १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने या शाळेत गणिताची वेगळी शाखा काढली, ४० मुलांची. हेतू उघड होता, जहाजांसाठी नावाडीविद्या जाणणारे तरुण हवे होते. नौदलाचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल पीप्सने त्यासाठी खटपट केली, अभ्यासक्रमावर न्यूटनचं मत घेतलं गेलं. इथलेच दोन तरुण पीटर द ग्रेटच्या मॉस्कोत नौकानयनाचं गणित शिकवायला गेले. हॉर्शमच्या जेवणघरात व्हेरिओ या चित्रकाराचं ८६ फूट लांब चित्र आहे. त्यात निळ्या अंगरख्यातली मुलं दुसऱ्या जेम्स राजापुढे गुडघे टेकून बसली आहेत. आजची मुलं रोज दुपारी बँडमागून चालत येतात आणि त्या चित्राखाली जेवतात. देणारा, घेणारा आणि देणाऱ्याचा फायदा, तिन्ही एका भिंतीवर आहेत.

आपला धागाही यात आहे. लॅमने पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत ३३ वर्षं कारकुनी केली. १७९२ ते १८२५. दुसरा बाजीराव गादीवर आला आणि पेशवाई बुडाली, त्या सगळ्या काळात हा मनुष्य तिथे कंपनीच्या खातेवह्या लिहीत होता.

रांगेतला मुलगा :
मी दहावीपर्यंत एका धर्मादाय वसतिगृहात वाढलो. देणगीदार आले की आम्हाला रांगेत उभं करायचे, हात जोडायला लावायचे. सतरंजीच्या कडेला पाय जुळवून उभं राहायचो, अंगठे दुखेपर्यंत. म्हणून तो मिरवणुकीचा प्रसंग वाचून मला कौतुक वाटलं नाही, पोटात कालवलं. लोकांच्या दयेवर शिकतो, हे पोराच्या अंगावर का चढवायचं? आणि लॅम-कोलरिजच्या काळी तिथे मुलं अर्धपोटी राहायची, बॉयर मास्तर छडीने फोडून काढायचे, पळून गेलेल्या मुलाला कोठडीत टाकायचे, हेही लिहा.

नीलांबरी :
तुमचं वाचून थांबले होते, म्हणून उशीर. कोठडी, छडी, उपासमार, सगळं खरं आहे. लॅमने स्वतःच लिहून ठेवलंय.

पोशाखाचं मात्र मी वेगळं बघते. तो सगळ्यांना सारखा, आणि शाळाच देते. वर्गात कोण पूर्ण फी भरतं आणि कोणाची माफ आहे, हे कपड्यांवरून कळत नाही. काही वर्षांपूर्वी मुलांनाच विचारलं होतं, तेव्हा बहुतेक सगळ्यांनी हाच हवा म्हणून सांगितलं. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मला वाटतं, फरक तिथे आहे.

आणि एक. शाळा सोडताना प्रत्येकाला बजावतात, इथे जे मिळालं ते विसरू नका आणि पुढे ऐपतीप्रमाणे दुसऱ्या मुलांनाही ते मिळेल असं बघा. बार्न्स वॉलिस इथला. १९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडणारा, पाण्यावर उसळत जाणारा बॉम्ब त्याचा. त्या एका रात्री ५३ वैमानिक आणि त्यांचे साथीदार मेले, ते त्याला आयुष्यभर लागून राहिलं. नंतर शोधाबद्दल १०,००० पौंड मिळाले, ते त्याने या शाळेला दिले, हवाईदलातल्यांच्या मुलांना तिथे शिकता यावं म्हणून.

रांगेतला मुलगा :
विचारलं नव्हतं, हे खरं. वॉलिसचं माहीत नव्हतं. मिरवणूक अजूनही पटत नाही.

स्लाऊचा शिक्षक :
वॉलिसपुढे मी नमस्कार करतो. पण ते एका माणसाचं मोठेपण झालं. माझ्या दहावीच्या वर्गात तीस मुलं आहेत. त्यातली एक बसमध्ये मांडीवर वही ठेवून त्रिकोणमिती सोडवते, कारण घरी टेबल नाही. या शाळेत सोळाव्या वर्षीही प्रवेश मिळतो, हे तिला माहीत नाही आणि तिच्या आईलाही नाही. सांगणार कोण? १५५२ मध्ये निदान वर्गणीवाले रस्त्यावर उतरले होते.

सोमवारी मी तिच्या आईशी बोलणार आहे. नीलांबरी, उत्पन्नाचे कोणते कागद लागतात ते माहीत असेल तर लिहा. व्हॅटबद्दल माझं मत तेच आहे, आणि बाकीच्या एकोणतीस मुलांबद्दल मी इथे भांडतच राहीन.