डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल: स्टेशन चकाचक झालं, पण गाडी कुठंय?

खिडकीची_सीट:
मागच्या रविवारी आईबाबांना घेऊन डेट्रॉइटच्या कॉर्कटाउन भागात गेलो होतो, मिशिगन सेंट्रल हे जुनं रेल्वे स्टेशन बघायला. बाबा आयुष्यभर रेल्वेत होते त्यामुळे म्हटलं खूश होतील, आणि झालेही, वेटिंग हॉलमध्ये मान वर करून किती वेळ उभे. छताच्या कमानींना २९,००० टाइल्स आहेत आणि त्यातल्या जेमतेम १,३०० बदलाव्या लागल्या हे ऐकून तर "काय काम केलंय रे" एवढंच चालू. आणि मग विचारतात, "गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते?" आता काय सांगणार! १९८८च्या जानेवारीत शेवटची गाडी गेली ती गेलीच. फोर्डने २०१८ला घेतलं, सहा वर्षं खपून जून २०२४मध्ये उघडलं, आत ऑफिसं आहेत, कार्यक्रम होतात, सगळं आहे, फक्त गाडी नाही. माझं स्पष्ट मत: ज्या स्टेशनात गाडी येत नाही ते स्टेशन नाही, स्टेशनच्या कपड्यातलं ऑफिस आहे. शिकागोची गाडी तिथेच आणली पाहिजे.

नोवीकर_नाना:
अहो पण आधी त्या पडक्याचं काय झालं होतं ते बघितलंय का तुम्ही? मी २००३ला आलो तेव्हा अठरा मजले आणि एकही काच धड नाही. २००९ला तर सिटी कौन्सिलने पाडायचा ठराव केला होता. तळघरातून ३५ लाख गॅलन पाणी उपसलंय, बाहेरच्या दगडासाठी इंडियानातली तीसेक वर्षं बंद असलेली खाण परत उघडली. हे कुठल्या रेल्वेच्या बजेटमध्ये बसलं असतं? डेट्रॉइटचंच फोर्ट स्ट्रीट युनियन डेपो स्टेशन आठवा, तेही देखणं होतं, १९७४ला पाडलं, संपला विषय. ऑफिस तर ऑफिस, उभं आहे ना?

खिडकीची_सीट:
नाना उभं आहे त्याचा आनंद आहेच की, पण सीएसएमटीही जुनीच आहे, तिथे रोज लाखो लोक चढतात उतरतात, कुणी म्हणालं का की वारसा जपायचा म्हणून लोकल बंद करा?

रूळ_आणि_रूट:
सीएसएमटीची तुलना इथे लागूच होत नाही दादा, जरा नकाशा उघडा. १९१०ला डेट्रॉइट नदीखालून कॅनडात जायचा बोगदा झाला आणि स्टेशन त्याच्या तोंडाशी हवं म्हणून डाउनटाउन सोडून इतक्या लांब बांधलं, १९१३ला उघडलं. आजची शिकागोची गाडी, वुल्व्हरिन, पुढे पाँटिअ‍ॅकला जाते, ती डिअरबॉर्न सोडल्यावर वेस्ट डेट्रॉइटला उत्तरेकडे वळते आणि वुडवर्डवरच्या न्यू सेंटरच्या स्टेशनला जाते, मिशिगन सेंट्रल त्या रस्त्यावर येतच नाही. तिथे न्यायची म्हणजे आत घालायची, परत उलटी बाहेर काढायची, मग पाँटिअ‍ॅकच्या दिशेला लावायची. त्या वाटेवरच्या रॉयल ओक आणि ट्रॉयला जाणाऱ्यांनी या सुंदर छतासाठी ताटकळत बसायचं का?

हां, टोरोंटोची गाडी बोगद्यातून जाणार असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यासाठी हे स्टेशन अगदी तोंडावर आहे. मग या बाजूने बोला, शिकागो-टोरोंटो थेट गाडी मागा, मी तुमच्यासोबत.

ट्रॉयची_माई:
+१. आणि मुळात दिवसाला तीनच गाड्या आहेत हो शिकागोला! पाच-साडेपाच तास लागतात, कारने साडेचारात पोचतो. पुढे इंडियानात पोर्टर गावाच्या पलीकडे रूळ मालगाडी कंपनीचे, त्यामुळे आपली गाडी सायडिंगला उभी आणि शंभर डब्यांची मालगाडी आरामात पुढे. पैसा त्या पट्ट्यात घाला. आमची सोय गाड्या वाढल्याने होईल, संगमरवराने नाही.

नोवीकर_नाना:
माई पैसा कुणाचा कुठे घालायचा हे फोर्ड थोडंच ठरवणार, इंडियानातले रूळ त्यांचे नाहीत 😀

कॉर्कटाउनचा_भाडेकरू:
मी तिथून चालत पाच मिनिटांवर राहतो म्हणून थोडं जास्त बोलतो. स्टेशन मेलं ते गाड्या कमी झाल्या म्हणून असं सगळे म्हणतात, अर्धंच खरं आहे. बांधतानाच धरलं होतं की लोक ट्रामने येतील, त्यामुळे पार्किंगचा विचारच नव्हता, आणि शहर स्टेशनकडे सरकेल अशी आशा होती तेही झालं नाही. वरचे काही मजले तर कधी पूर्णच केले नाहीत. मग ट्रामची एकेक लाइन बंद झाली, शेवटची १९५६ला, आणि त्याच वर्षी रेल्वेने स्टेशन विकायला काढलं, दीड कोटी डॉलरला बांधलेलं पन्नास लाखांना, तरी गिऱ्हाईक नाही. म्हणजे ज्या शहराने मोटारी बनवल्या त्याने स्टेशनची वाट मोडली, आणि आता मोटारवालेच ते दुरुस्त करून बसलेत. ते डाउनटाउनहून तुटलंय तोवर आत गाडी आणा नाहीतर विमान.

रूळ_आणि_रूट:
हे पटलं. न्यू सेंटरला निदान क्यूलाइन ट्राम तरी आहे दारात.

अ‍ॅन_आर्बर_अण्णा:
आमच्याकडे १८८६चं दगडी स्टेशन आहे, आता मासे-बिसे मिळणारं रेस्टॉरंट. गाडी शेजारून धडधडत जाते, लोक टाळ्या वाजवतात, आणि प्रवासी पलीकडच्या साध्या छोट्या इमारतीत बसतात. दोघंही सुखी. मला तर हेच मॉडेल बरं वाटतं, इमारतीला तिचं पोट भरू द्या, गाडीला तिचं.

खिडकीची_सीट:
अण्णा पण तुमच्या रेस्टॉरंटसमोरून गाडी *जाते* हो, आमच्याकडे तेही नाही! बाकी उलटी काढायचा मुद्दा मला माहीत नव्हता, शिकागोच्या गाडीबद्दल शब्द मागे घेतो. टोरोंटोबद्दल नाही. मागे एक साधासा प्लॅटफॉर्म आणि एक गाडी, दिवसातून एकदा का होईना.

आणि हो, बाबांना आता गाडीत बसायचंच आहे, पुढच्या आठवड्यात डिअरबॉर्नहून शिकागो. जेवण मिळतं का गाडीत?

ट्रॉयची_माई:
कॅफे कार आहे. डबाच घ्या.