मदत हवी आहे : एलएलसीच्या नावावरचं घर स्वतःच्या नावावर करायचंय (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,
फ्रीमाँटमध्ये मी आणि माझा मावसभाऊ, दोघांच्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर एक भाड्याने दिलेलं घर आहे. हिस्सा निम्मा-निम्मा. धंदा असा काहीच उरला नाही, तरी दरवर्षी राज्याला किमान ८०० डॉलर भरावेच लागतात. म्हणून घर दोघांच्या वैयक्तिक नावावर घेऊन एलएलसी बंद करायचा विचार आहे.

ओळखीचे सगळे म्हणतात, क्विटक्लेम डीड (आपला जो काही हक्क असेल तो सोडून देण्याचा दस्त) करा, नोटरीसमोर सही करा आणि काउंटी रेकॉर्डरकडे (मालमत्तेचे दस्त नोंदवणाऱ्या स्थानिक कार्यालयात) नोंदवा. पण त्यात देणारा मालकीची कसलीच हमी देत नाही, म्हणून धाकधूक वाटते. एलएलसीने घेतलेला टायटल इन्शुरन्स (मालकीहक्कात दोष निघाल्यास नुकसान भरून देणारा विमा) पुढे आम्हाला लागू राहील का? की ग्रँट डीड (ज्यात देणारा मालकीची थोडी हमी देतो) केलेलं बरं?

हिश्शाचं प्रमाण तेच राहिलं तर मालमत्ता कराचं फेरमूल्यांकन होत नाही, एवढं वाचलंय. मग डीडसोबतच्या मालकीबदलाच्या फॉर्ममध्ये नेमकी कोणती सूट निवडायची?

आणि खरी भीती बँकेची. कर्ज अजून बाकी आहे आणि करारात ड्यू-ऑन-सेल कलम (मालकी बदलली तर बँक पूर्ण कर्ज लगेच मागू शकते, असं कलम) आहे. नाव बदललं म्हणून बँकेने सगळी रक्कम एकदम मागितली तर पंचाईत! आधी लेखी परवानगी मागावी, हे मला पटतं. भावाला मात्र ती उगाच झोपलेल्याला उठवण्याची कल्पना वाटते.

करासाठी आमची एलएलसी भागीदारी धरली जाते, एस-कॉर्प (कंपनीवरच्या कराचा वेगळा प्रकार) नाही.

कुणी हे स्वतः केलंय का? बे एरियातला या कामातला चांगला वकील असेल तर कृपया मेसेज करा.