सरकीचं तेल, ढेप आणि जीएम अन्न : तपासतं कोण, विचारतं कोण?

मानवतची सूनबाई (जि. परभणी) :
आमच्या रानात वर्षानुवर्षं बीटी कापूसच आहे, म्हणजे जनुक बदललेलं, जीएम बियाणं. त्याच सरकीची ढेप मी सांजच्याला भिजवून म्हशीला घालते. घमेल्यात ती फुगली की वास सुटतो, अन्‌ म्हैस दावं ताणायला लागते. दूध लेकरं पितात. सरकीचं तेल तर फरसाणापासून घरच्या कढईपर्यंत सगळीकडं आहे. आता जीएम मोहरीचं चाललंय. मला कुणाला भ्या घालायचं नाही. पण हे खायला ठीक आहे, हे ठरवतं कोण? अन्‌ ठरवण्याआधी आम्हाला विचारायची काही रीत आहे का?

जिंतूरकर :
ताई, दोन दारं आहेत. पेरणीची परवानगी पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी समिती बघते, १९८९ च्या नियमांनुसार. अन्न म्हणून बघायचं काम एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम २२. त्याखालच्या नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये सुधारून परत आला. जीएम घटक १ टक्का किंवा जास्त असेल तर पाकिटावर तसं छापायचं, असं त्यात आहे. हरकतींना मुदत होती, पण आमच्या तालुक्यात तो कागद कुणी पाहिलाच नाही.

सेलूचा शेतकरी :
बीटी वांग्याच्या वेळी, जानेवारी २०१० मध्ये, मी नागपूरच्या सुनावणीला गेलो होतो. देशात सात शहरांत सुनावण्या झाल्या, मराठवाड्यात एकही नाही. रातभर प्रवास करून गेलो, तिथं माइक मिळेना इतकी गर्दी. तरी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ऐकून घेतलं आणि ९ फेब्रुवारीला वांगं थांबवलं. वांगं ताटात दिसतं, म्हणून विचारलं. सरकीचं तसं झालं नाही. २००२ ला परवानगी मिळाली ती कापूस म्हणून, तेल-ढेपेसाठी अशी सुनावणी कुणी घेतली नाही. मला आजही हेच खटकतं.

कृषी पदवीधर, परभणी :
एक बाजू सांगतो. बीटीचा बदल प्रथिनात दिसतो, आणि रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत; आणि सरकी जनावरांना खाऊ घालून चाचण्या झालेल्या आहेत. पण त्या चाचण्या बियाणं विकणाऱ्यांनीच करवून घ्यायच्या आणि आकडे झाकून ठेवायचे, हे चालणार नाही. वांग्याचे आकडे लोकांपुढं आले ते माहिती अधिकार आणि कोर्टाच्या रेट्यामुळं.

मानवतची सूनबाई :
दादा, काका, लई उपकार झाले. जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं जीएम मोहरीच्या परवानगीवर एकमत झालं नाही, पण राष्ट्रीय धोरण करा आणि त्यासाठी राज्यं, शेतकरी यांना विचारा, हे दोघांनीही सांगितलं. मग आपण ग्रामसभेचे ठराव पाठवू : सुनावणी परभणीच्या कृषी विद्यापीठात घ्या, मराठीत घ्या, चाचण्यांचे आकडे महिनाभर आधी ग्रामपंचायतीत लावा. बायकांना बोलायला वेगळा वेळ ठेवा, ढेप आम्ही घालतो अन्‌ तेल आम्ही वापरतो. ठरावाचा मजकूर लिहायला कोण मदत करील?