चौकातली सायकल: आणखी थोडं

एकांनी लिहिलंय की सुमोमध्ये, म्हणजे रस्त्यावरची वाहतूक संगणकावर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारची लांबी कमी केली, कमाल वेग उतरवला की झाली सायकल तयार. सरळ रस्त्यावर हे खपून जातं, चौकात नाही.

खरी गोची स्टॉपलाइनपाशी आहे. सुमोच्या मूळ मॉडेलमध्ये एका लेनमधली वाहनं एकामागे एक उभी राहतात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या नॉरेब्रोगेड या रस्त्यावर गर्दीच्या वेळी लाल सिग्नलला सायकलस्वार शेजारी शेजारी उभे राहतात, फटी भरत पुढे सरकतात आणि हिरवा लागला की अख्खा घोळका एकदम सुटतो. एकेरी रांग धरली तर ती भलतीच लांब दिसते आणि चौक मोकळा व्हायचा वेळही फुगतो. म्हणून सबलेन मॉडेल, म्हणजे एका लेनमध्ये वाहनांना शेजारी शेजारी राहू देणारा पर्याय, चालू कराच. सिम्युलेशन मंदावेल, मंदावू दे.

दुसरं, डावं वळण. डेन्मार्कमध्ये वाहतूक उजवीकडून चालते, पण सायकलस्वार मोटारींसोबत रस्त्याच्या मध्ये येऊन डावीकडे वळत नाही. तो उजव्या कडेनेच सरळ चौक ओलांडतो, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबतो आणि मग आडव्या दिशेने निघतो. सुमोतल्या साध्या नेटवर्कमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या आराखड्यात, मात्र सायकल लेन बदलत मधोमध येते आणि सायकल-मोटारींनी एकमेकांच्या वाटेत येण्याचे, प्रत्यक्षात नसलेले प्रसंग निकालात दिसतात. सुमोत कनेक्शनला, म्हणजे चौकात एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये जायच्या जोडणीला, असं अप्रत्यक्ष डावं वळण देता येतं, ते जरूर द्या.

आणि वेग! नॉरेब्रोगेडवरचे सिग्नल ताशी 20 किलोमीटरच्या सायकलीला सलग हिरवे मिळतील असे बांधलेत. सगळ्यांना नेमका तोच वेग दिलात तर निकाल उगाचच देखणा येईल. वेगात फरक ठेवा, इलेक्ट्रिक सायकलींचा प्रकार वेगळा धरा.