जॅक जॉन्सन मोठा बॉक्सर होता, पण 'आपल्या लोकांसाठी लढला' एवढं म्हणू नका

ठोसेबाज
परवा इथेच कुणीतरी जॅक जॉन्सनची, म्हणजे पहिल्या काळ्या हेवीवेट जगज्जेत्याची, आरती ओवाळली. सार असं: गोऱ्यांची मक्तेदारी मोडून त्याने आपल्या बांधवांसाठी रिंग मोकळी केली, तो नसता तर पुढचे काळे विजेते, जो लुई नसता आणि अलीही नसता. खाली सगळ्यांनी हात जोडले. मला राहवलं नाही.

बॉक्सर म्हणून त्याच्याबद्दल तक्रार नाही. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत किताबासाठी त्याने तेव्हाच्या गोऱ्या विजेत्या टॉमी बर्न्सला असा काही धुतला की चौदाव्या राऊंडमध्ये पोलिसांना मध्ये पडावं लागलं. बर्न्सला ३०,००० डॉलर, जॉन्सनला ५,०००. तरी गडी लढला, कारण दुसरा रस्ताच नव्हता. इथपर्यंत सलाम.

आता पुढचं बोला. १९०६ साली त्याने सॅम लँगफर्ड या दुसऱ्या काळ्या बॉक्सरला अमेरिकेतल्या चेल्सीत पंधरा राऊंडांत हरवलं होतं. लँगफर्ड तेव्हा कोवळा, वजनाने जेमतेम मिडलवेट. नंतर तो भरला, भल्याभल्यांना झोपवू लागला, आणि जॉन्सनने पुन्हा त्याच्यासमोर उभं राहायचं नावच काढलं नाही. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबला लँगफर्डशी लढायचा शब्द दिला होता, तोही फिरवला. जो जीनेट, तोही काळाच, त्याच्याशी किताबाआधी किती वेळा लढला असेल. किताबानंतर तो एकदम परका. १९०८ ते १९१५ एवढ्या काळात किताबासाठी काळा प्रतिस्पर्धी एकच, डिसेंबर १९१३ ला पॅरिसमध्ये, आणि तोही कोण तर बॅटलिंग जिम जॉन्सन! दहा राऊंड, बरोबरी.

आधीचा गोरा विजेता जेफ्रीज, त्याने रंगरेषा पाळली, म्हणजे काळ्यांशी किताबासाठी लढलाच नाही, म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. जॉन्सनने तीच पाळली की ती लगेच 'परिस्थिती' होते?

अण्णा
असहमत, आणि जोरात असहमत.

४ जुलै १९१०, रेनो. पाच-सहा वर्षं शेतात बसून सुटलेल्या जेफ्रीजला शंभरेक पौंड उतरवायला लावून रिंगमध्ये आणला, कशासाठी? एका काळ्या माणसाला पाडायला. पंधराव्या राऊंडला तो कोसळला, आणि त्या रात्री अमेरिकेत गावोगावी दंगली झाल्या, माणसं मेली, बहुतेक काळीच. ज्याच्या जिंकण्याने मुडदे पडतात त्याला तुम्ही आरामात खुर्चीत बसून विचारताय, 'लँगफर्डला का नाही बोलावलंस बाबा?' लोक तिकीट काढत होते ते जॉन्सन पडताना बघायला. दोन काळ्यांची लढत बघायला कोण पैसे देणार होतं?

ठोसेबाज
कोण देणार होतं? पॅरिसने दिले की. १७ एप्रिल १९०९, जीनेट विरुद्ध मॅकव्हे, दोघेही काळे, ४९ राऊंड! जीनेट सत्तावीस वेळा खाली गेला आणि शेवटी मॅकव्हेनेच हार मानली. ज्या मॅकिन्टॉशने सिडनीत जॉन्सनची लढत भरवली, त्यानेच पुढे लँगफर्ड आणि मॅकव्हेला ऑस्ट्रेलियात नेऊन लढवलं. प्रमोटर काय समाजसेवा करत होता? पैसा होता. फक्त गोऱ्या 'आशां'ना, म्हणजे जॉन्सनला पाडायला पुढे केलेल्या गोऱ्या बॉक्सरांना, लोळवण्याइतका सोपा नव्हता.

दंगलींबद्दल एका शब्दाने मी वाद घातलेला नाही. न बोललेलं माझ्या तोंडी घालू नका.

रेवती
दोन्हीकडचे वीर ठोसेच मोजताहेत. एटा ड्युरिया हे नाव कुणी घेणार आहे का? त्याची बायको. १९१० च्या नाताळात त्याने तिला इतकं मारलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. सप्टेंबर १९१२ ला तिने स्वतःवर गोळी झाडली.

जॉन्सनवरचा मान अ‍ॅक्टखालचा (बाईला 'अनैतिक' हेतूने एका राज्यातून दुसऱ्यात नेल्याचा) खटला वर्णद्वेषी होता, मान्य. सगळे ज्युरी गोरे, आणि ठरवून लावलेली शिक्षा. पण खटला खोटा म्हणून माणूस संत होत नाही. आमच्या तालुक्यात एक नावाजलेला पैलवान होता. घरात काय चालायचं ते आख्ख्या गल्लीला ऐकू यायचं, आणि जत्रेत त्यालाच फेटा बांधायचे. माझी आई त्या दिवशी मुद्दाम मळ्यात जायची. त्यामुळे 'माणूस म्हणून शंभर वर्षं पुढे' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं.

अण्णा
रेवतीताई, 'माणूस म्हणून पुढे' असं मी लिहिलेलं नाही, आणि एटाबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. पण मग त्या काळचा एकही विजेता शिल्लक राहणार नाही. जॉन एल. सलिव्हन दारू पिऊन काय काय करायचा ते बघा.

रेवती
नको राहू दे. माझी काही हरकत नाही.

शिकागोकर
इथे ग्रेसलँड दफनभूमी माझ्या रोजच्या वाटेवर आहे. जॉन्सन तिथेच आहे, आणि एटाही तिथेच, त्याच्या शेजारी. रेवतीताई, याचा काय अर्थ लावायचा ते तुम्हीच ठरवा, मला लागत नाही.

२०१८ ला ट्रम्पनी जॉन्सनला त्या खटल्यातल्या शिक्षेबद्दल मरणोत्तर माफी दिली तेव्हा ऑफिसात अर्ध्या लोकांना तो कोण हेही माहीत नव्हतं. एक मुद्दा मात्र सगळे विसरताय. माणूस शिक्षेपासून पळून परदेशात, पैसे संपलेले, आणि हवानात ५ एप्रिल १९१५ ला तो किताबाच्या लढतीत गोऱ्या जेस विलर्डसमोर मुद्दाम पडला. फोटो बघा ना! पाठीवर पडलाय आणि हाताने डोळ्यांवर ऊन अडवतोय. बेशुद्ध माणूस सावली शोधतो का?

जुना गार्ड
झालं, आला तो फोटो. वाटच बघत होतो.

मी रेल्वेच्या स्पर्धांत लढलेला माणूस आहे. एकदा उघड्या मैदानावर दुपारच्या सामन्यात हनुवटीवर उजवा बसला. नंतर मित्रांनी सांगितलं, पडल्या पडल्या दोन्ही हात तोंडावर घेतले होतेस. मला काही म्हणजे काही आठवत नाही! पंच दहापर्यंत मोजून मोकळा झाला होता. हात आपोआप वर जातात. ज्याने मार खाल्ला नाही त्याने फोटो वाचू नयेत.

शिकागोकर
तुमचा सामना आणि जॉन्सनचा सामना एकच का? मार खाल्ल्यावरच अक्कल येते असं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

जुना गार्ड
अक्कल नाही, अनुभव. फरक असतो.

बरं, हिशोब करा. ४५ राऊंडांची लढत, सव्विसाव्यात पडला. तीन मिनिटांचा राऊंड आणि मिनिटभर विश्रांती, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास, क्युबाच्या उन्हात, वय ३७. समोर साडेसहा फुटी, वयाने लहान विलर्ड. ज्याला विकत पडायचंय तो पाचव्या-सहाव्यात पडून घरी जातो. विलर्ड स्वतः म्हणाला होता की मुद्दाम पडायचंच होतं तर जरा लवकर पडायचं होतं, ऊन भयंकर होतं.

ठोसेबाज
शिवाय मुद्दाम पडलो ही गोष्ट नंतर सांगत फिरला कोण? जॉन्सनच. बॉक्सिंगवर लिहिणाऱ्या नॅट फ्लायशरला लेखी कबुलीजबाब विकलासुद्धा. म्हणे सरकार घरी येऊ देणार होतं. मग जुलै १९२० ला परत आल्यावर लेव्हनवर्थच्या तुरुंगात कशाला बसला? असला कसला सौदा?

शिकागोकर
फसवलं असेल त्याला. त्या सरकारने त्याला आधी काय कमी फसवलं होतं?

माटुंग्याची कट्टी
या फोटोची गंमत वेगळीच आहे. रेनोची फिल्म लोकांनी पाहू नये म्हणून अमेरिकेने १९१२ ला मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी घातली. काळा जिंकताना दिसू नये म्हणून केलेला कायदा, आणि तीन वर्षांनी त्याच कायद्यामुळे काळा हरतानाची फिल्म अमेरिकेत दाखवता येईना. लोकांच्या हाती राहिला तो एक फोटो. त्यावर गेली शंभर वर्षं असंच चाललंय.

जुना गार्ड
हे मात्र बरोब्बर. पण फिल्म पुढे मिळाली आणि तिच्यात ठोसा स्पष्ट दिसतो. उजवा. बघा आणि मग बोला.

अण्णा
अहो, हवानातून परत या. मूळ प्रश्न सोडून सगळे क्युबाला गेलात.

ठोसेबाज, लँगफर्डचा मुद्दा तुमचा, घ्या. जॉन्सनला लँगफर्ड नको होता आणि त्याला कारण पैसा एवढंच नव्हतं. झालं समाधान? पण 'लुई त्याच्यामुळे' हे खोटं कसं? लुईच्या मॅनेजरांनी सगळे नियम जॉन्सनकडे बघूनच केले: गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, पडलेल्या माणसासमोर हसायचं नाही. हा वारसाच झाला.

ठोसेबाज
वारसा? बापाने घर गहाण टाकलं आणि पोराने हप्ते फेडले, याला वारसा म्हणत असाल तर म्हणा. १९१५ ते १९३७, बावीस वर्षं एकाही काळ्याला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं नाही. काळा हॅरी विल्स लढत मागत विजेत्या डेम्प्सीच्या मागे लागून लागून म्हातारा झाला. आणि १९३६ ला लुई जर्मन बॉक्सर श्मेलिंगशी लढला तेव्हा जॉन्सनने पैसे कुणावर लावले? श्मेलिंगवर! जिंकल्यावर ते मिरवलेही.

अण्णा
बावीस वर्षं दार बंद ठेवलं ते डेम्प्सीच्या लोकांनी, प्रमोटरांनी, टेक्स रिकार्डने. ते पाप तुम्ही जॉन्सनच्या खात्यावर लिहिताय. 'तो जरा नीट वागला असता तर इतरांना संधी मिळाली असती' हे वाक्य तेव्हाचे गोरे संपादक लिहायचे, आज तुम्ही लिहिताय. अभिनंदन.

ठोसेबाज
नीट वागायला मी कुठे सांगितलं? सोन्याचे दात दाखवून हसला, भरधाव गाड्या उडवल्या, मला त्याचं काही नाही, उलट तेच आवडतं. माझं म्हणणं एका माणसापुरतं आहे. लँगफर्ड पुढे जवळजवळ आंधळा असताना लढत राहिला, पोटासाठी. १९४४ ला एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये सापडला, पूर्ण आंधळा, खिशात चिल्लर. त्याला एक संधी देणं जॉन्सनच्या हातात होतं, डेम्प्सीच्या नव्हे. गोऱ्या संपादकांच्या खात्यावर हे कसं टाकणार ते सांगा.

अण्णा
हे सांगता येणार नाही. पण 'आरती' हा शब्द तुम्ही मागे घ्या, ती पोस्ट माझ्या भाच्याची होती.

रेवती
भाच्याला एटाबद्दलही एक परिच्छेद टाकायला सांगा.

शिकागोकर
जुना गार्ड, फिल्म पाहिली. ठोसा दिसतो. पण पडल्यावर गुडघे वर राहिलेत त्याचं काय?

जुना गार्ड
अरे देवा.