नववीतले एपी आणि गुडघ्याला बाशिंग

हडसनकाठ

गेल्या आठवड्यात एका पालकांनी येथे, अमेरिकेतील मराठी पालकांच्या या चर्चेत, लिहिले की, नववीपासून एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कुलातच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय घेतले तर मूल पदवीचे एक वर्ष हायस्कुलातच उरकते, तेवढी फी वाचते, आणि म्हणून ‘नववीत एपी न घेऊ देणारे पालक मुलांचे नुकसान करीत आहेत’. हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या थोरल्या मुलीने नववीत ह्यूमन जिऑग्रफी (मानवी भूगोल), दहावीत वर्ल्ड हिस्टरी आणि पुढील दोन वर्षांत आणखी सात, असे नऊ एपी केले. नववीच्या मे महिन्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री, ती जेवणाच्या टेबलावर फ्लॅशकार्डांचा गठ्ठा घेऊन फॉन थ्यूनेनच्या मॉडेलची, म्हणजे शहराभोवती कोणती शेती किती अंतरावर होते हे दाखवणारी, वर्तुळे पाठ करीत होती. शहराला लागून दूधदुभते आणि भाजीपालाच का, असे मी विचारले, तेव्हा ‘बाबा, आत्ता नको, वेळ नाही’ असे उत्तर मिळाले. तिला पाचपैकी ५ गुण मिळाले. पुढे ज्या खासगी विद्यापीठात ती गेली, तेथे नऊपैकी एकाही विषयाचे क्रेडिट मिळाले नाही, म्हणजे एकही विषय पदवीच्या अभ्यासक्रमात धरला गेला नाही. हे काही जगावेगळे नाही. डार्टमथ या खासगी विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून एपीचे क्रेडिट देणे बंद केले, आणि कॅलटेकही ते देत नाही. मग चौदा वर्षांच्या मुलीची झोप आपण कशासाठी मोडली? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

ऑस्टिनची आई

ते वाक्य लिहिणारी मीच. आपल्या मुलीला खासगी विद्यापीठ परवडले, याचा आनंद आहे. सर्वांची घरे तशी नसतात.

टेक्सासमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठांना, पुराव्यानिशी वेगळे ठरवले नसेल तर, ३ गुणांवर क्रेडिट द्यावेच लागते. माझा मुलगा तीस क्रेडिट तास घेऊन सरकारी विद्यापीठात गेला आणि तीन वर्षांत बाहेर पडला. तो आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांसाठीच्या एच-फोर व्हिसावर होता आणि तो व्हिसा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो, हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा क्रमांक अजून लागलेला नाही. त्याच्या एका वर्षाची किंमत आमच्यासाठी केवळ डॉलरमध्ये नव्हती. आपण ज्याला उतावीळपणा म्हणता, त्याला आमच्याकडे कॅलेंडर म्हणतात.

पाटीखडू

मी एका सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला गणित शिकवतो, म्हणून दोघांच्याही मध्ये पडतो. कॅलक्युलस बीसीत ५ मिळवून थेट पुढच्या वर्गात बसलेली मुले मी दर सप्टेंबरला पाहतो. अॅब्सोल्यूट व्हॅल्यूच्या फंक्शनला शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह का नाही, असे विचारले की ‘कॉर्नर आहे’ असे उत्तर तत्काळ येते. दोन्ही बाजूंच्या लिमिट फळ्यावर लिहून दाखवा म्हटले की खडू हातात तसाच राहतो. डार्टमथच्या मानसशास्त्र विभागाने एपीत ५ मिळवलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना आपल्या पहिल्या अभ्यासक्रमाची छोटी परीक्षा दिली, तेव्हा त्यांतले सुमारे ९० टक्के नापास झाले होते. शिवाय गुणांची पट्टीही हलते आहे: अमेरिकेचा इतिहास या एपी विषयात ३ किंवा अधिक गुण मिळवणारे २०२३ मध्ये निम्म्याहून कमी होते, ते २०२४ मध्ये ७० टक्क्यांपलीकडे गेले. एका वर्षात देशभरातील मुले एवढी हुशार झाली असतील, तर शिक्षक म्हणून मला पेढे वाटायला हवेत.

ऑस्टिनची आई

एका विभागाच्या एका परीक्षेवरून, जिच्या पद्धतीवर एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने आक्षेप घेतला होता, किती वर्षे निर्णय देत राहणार? आणि तीनशे मुलांच्या सभागृहात पहिले कॅलक्युलस शिकलेल्यांच्या हातात खडू चालतो का, हेही एकदा सांगावे.

पाटीखडू

नाही चालत. आपला तेवढा मुद्दा मान्य, नाइलाजाने.

रविवारची शाळा

आपण सारे ह्यूमन जिऑग्रफीवर भांडत आहात, पण आमच्या मराठी शाळेत आठ वर्षे रविवारची सकाळ घालवणारी मुले नववीत जाताच स्पॅनिशचे एपी करायला आम्हाला सोडून जातात, त्याचे काय? एपी चिनीत आहे, जपानीत आहे, लॅटिनमध्येसुद्धा आहे. मराठीत नाही, हिंदीतही नाही. काही शाळा-जिल्ह्यांत मराठीची परीक्षा देऊन हायस्कूलचे परकीय भाषेचे क्रेडिट मिळते, पण कॉलेजच्या दाराशी त्याला कोणी विचारीत नाही. घरात बोलली जाणारी भाषा शून्य आणि शाळेत घोकलेली भाषा क्रेडिटपात्र, हा कुठला न्याय?

हडसनकाठ

न्यायाचा नव्हे, संख्येचा आणि पैशाचा प्रश्न आहे. इटालियनचे एपी पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून २००९ च्या परीक्षेनंतर बंद झाले होते. इटालियन-अमेरिकन संस्था आणि इटलीचे सरकार यांनी पैसे उभे केले, तेव्हा २०११-१२ मध्ये ते परत आले. आपली मंडळे ढोल-ताशा पथकासाठी वर्गणी काढतात, यासाठी कधी काढली?

रविवारची शाळा

ढोल-ताशाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या पथकामुळेच दहावीतली मुले अजून आमच्याकडे दिसतात, आणि ‘एक, दोन, तीन’ एवढे तरी मराठीत मोजतात. आपली मुलगी मराठी शाळेत किती वर्षे आली, हेही एकदा सांगून टाकावे.

हडसनकाठ

दोन. नववीत सोडली. कारण वर लिहिलेच आहे, ह्यूमन जिऑग्रफी.

ऑस्टिनची आई

हे वाचून हसू आवरले नाही, क्षमस्व.

पाटीखडू

मराठीच्या एपीला मी पहिली वर्गणी देईन, पण ती मुले तरी आठवड्याला चार तास मराठी वाचतील का? माझ्या घरातील अनुभव सांगत नाही; तो लाजिरवाणा आहे.

हडसनकाठ

मूळ मुद्द्यावर येतो. व्हिसाच्या वाढदिवसाचा विचार मी केला नव्हता, कारण आमच्यावर ती वेळ आली नाही. तेवढ्यापुरता माझा ‘बाशिंग’ हा शब्द मागे घेतो. ‘नुकसान करीत आहेत’ हे आपणही मागे घ्याल, ही अपेक्षा. धाकटा आठवीत आहे. नववीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा असून ह्यूमन जिऑग्रफीच्या चौकटीत त्याने स्वतःच खूण केली आहे. मी अजून सही केलेली नाही.

ऑस्टिनची आई

घेतले मागे. सही करून टाका. वर्गात बसले म्हणजे परीक्षा दिलीच पाहिजे असे बहुतेक शाळांत नसते. परीक्षेचे जवळपास शंभर डॉलर भरायचे की नाही, हे नोव्हेंबरपर्यंत ठरवता येते. तोवर फॉन थ्यूनेनची वर्तुळे त्याला कळली की नुसती पाठ झाली, हे आपल्याला जेवणाच्या टेबलावर दिसेलच.