कृषी विस्तारातल्या लोकांनी एकमेकांकडून शिकायचा ऑनलाइन गट कसा टिकवावा?

मांजराकाठ

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ आहे, विषय कृषी विस्तार, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं. आमचा पट्टा सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा. या खरिपाआधी एक काम हाती घ्यायचं ठरवलंय आणि ज्यांनी असं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांच्याशी बोलायचंय.

माझ्या फोनवर कामाचे ग्रुप ढीगभर आहेत. त्यांत परिपत्रकं येतात, 'आज चारपर्यंत माहिती पाठवा' येतं, शेतीशाळेचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. 'माझ्या सजेत (नेमून दिलेल्या गावांत) पीक असं दिसतंय, मला उलगडा होत नाही, कुणी पाहिलंय का?' असा मेसेज मात्र कुणी टाकत नाही. शेतकऱ्यांचे गट छान चालतात, तिथे लोक मोकळेपणाने विचारतात. त्यांना उत्तर देणाऱ्या आम्हा लोकांना विचारायला जागा नाही.

२०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. शिफारस सगळ्यांकडे होती. सूर्यास्तानंतर आणि पहाटे गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात अंथरा, मेटाल्डिहाइडचं आमिष वापरा. पण गोणपाट बांधाला लागून ठेवायचं की आत, झड लागली तर आमिषाचं काय करायचं, एकाने गोळा केल्या आणि शेजाऱ्याने नाही केल्या तर गाव एकत्र कसं आणायचं, हे ज्या सहायकांनी चिखलात उभं राहून केलं त्यांनाच कळलं. त्यांचं शहाणपण त्यांच्याजवळच राहिलं. शेजारच्या तालुक्यातला माणूस तेच सगळं पहिल्यापासून शिकत होता. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

प्रशिक्षणं होतात. वनामती, रामेती, हैदराबादची मॅनेज अशा प्रशिक्षण संस्थांत सगळीकडे मी गेले आहे आणि शिकलेही आहे. पण प्रशिक्षण फेब्रुवारीत होतं आणि प्रश्न ऑगस्टमध्ये येतो.

तर सांगा: गटात कोण असावं? वरिष्ठ आत असावेत का? सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर काय करता?

डोमकळी

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे पऱ्हाटीचा (कापसाचा) असा एक गट चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१७ साल आमच्या जिल्ह्याने विसरण्यासारखं नाही. गुलाबी बोंडअळीने पीक नेलं आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर आम्ही आजूबाजूच्या तालुक्यांतले काही सहायक-पर्यवेक्षक एकमेकांना रोज सापळ्यातल्या पतंगांचे आकडे कळवू लागलो. गट काढायचा म्हणून काढला नाही, आकडे कळवता कळवता झाला. एकराला दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सलग तीन दिवस आले की आर्थिक नुकसान पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय करायलाच हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शेजारच्या तालुक्यात पतंग वाढले हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी आपण आपल्या प्लॉटमधल्या डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुलं) जास्त बारकाईने बघतो. हा उपयोग पहिल्याच हंगामात दिसला, म्हणून लोक थांबले. तुम्हीही एका पिकाच्या एका दुखण्यापासून सुरू करा. 'कृषी विस्तारातील सर्व विषयांवर चर्चा' असं नाव दिलं की पुन्हा शुभेच्छाच येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अहवालाचा ग्रुप वेगळा आणि शिकायचा गट वेगळा. ज्या ठिकाणी उद्दिष्ट विचारलं जातं त्या ठिकाणी 'मला कळत नाही' कुणी लिहिणार नाही. आमच्या गटात एकदा एका साहेबांनी सहज पीकविम्याच्या पंचनाम्यांची आकडेवारी मागितली. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्यानंतर आठवडाभर एकही प्रश्न आला नाही. शेवटी आम्ही त्यांना भेटून विनंती केली, त्यांनी समजून घेतलं आणि गटातून स्वतःहून बाहेर पडले. आजही वाटेत भेटले की गटाची चौकशी करतात.

दुसरं, प्रश्न कसा विचारायचा ते ठरवून घ्या. 'सोयाबीन पिवळं पडलं, उपाय सांगा' आणि सोबत एका पानाचा अंधुक फोटो. यावर दहा जण दहा औषधं सांगतात. तुमच्याच पिकाचं घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत पाणी साचून लोह कमी पडलंय का ते बघावं लागतं. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडे बघायचं. पानावर पिवळे-हिरवे चट्टे, झाडं शेतात विखुरलेली आणि पांढरी माशी असेल तर मोझॅक. झाड मलूल दिसलं तर खोड उभं चिरायचं, आत लालसर नागमोडी पोकळी दिसली की खोडमाशी. आणि तासाच्या तास एकाच पट्ट्यात पिवळे असतील तर तणनाशक कुठलं मारलं, पंप कुणाचा होता, हे आधी विचारायचं. एक पिवळा रंग, पाच कारणं. म्हणून आमच्याकडे नियम आहे की फोटो तीन हवेत: पूर्ण शेताचा, पूर्ण झाडाचा मुळासकट, आणि दुखऱ्या भागाचा जवळून. सोबत पेरणीची तारीख, जमीन, पाऊस आणि आतापर्यंत काय फवारलं ते. एवढी माहिती गोळा करता करता निम्म्या वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर सापडतं. मला तर वाटतं आमचा गट उत्तरांपेक्षा या सवयीने जास्त शिकवतो.

तिसरं, औषधांच्या कंपनीचं नाव कुणी लिहायचं नाही. फक्त सक्रिय घटक, आणि तोही त्या पिकावर त्या किडीसाठी लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मंजुरी, असेल तरच. आपण सल्ला देणारी माणसं आहोत. गटातलं वाक्य तासाभरात शेतकऱ्यांच्या पन्नास ग्रुपवर फिरतं. २०१७ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विक्रेत्यांना आम्ही गटात घेतलं नाही, त्यांच्यात चांगली जाणकार माणसं आहेत तरीही.

वाफसा

मी कृषी सहायक आहे (पदाचं नाव आता बदललंय, पण गावात हेच म्हणतात). डोमकळी सर म्हणतात ते खरं आहे, आणि त्यात माझी भर.

नोकरीला नवीन असताना मी एका मोठ्या ग्रुपवर विचारलं होतं की सोयाबीनच्या खोडावर चक्रीभुंग्याने पाडलेली चकती आणि दुसरी इजा यात फरक कसा ओळखायचा. उत्तर आलं, 'मॅडम, तुम्ही बीएस्सी ॲग्री ना?' त्यावर हसण्याची चिन्हं. मग मी ग्रुपवर विचारणं सोडलं आणि एका मैत्रिणीला खाजगीत विचारू लागले. माझ्यासारख्या पुष्कळ जणी तसंच करतात, म्हणजे शिकणं चालू असतं, फक्त ते कुणाला दिसत नाही आणि तिसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ताई, तुम्ही पहिले काही प्रश्न स्वतः विचारा. खरेखुरे, तुम्हालाही न सुटलेले. विषय विशेषज्ञ विचारतेय म्हटल्यावर आम्हाला धीर येईल.

वेळेचंही बघा. ऑनलाइन चर्चा नेहमी रात्री आठला ठेवतात. ती स्वयंपाकाची, मुलांच्या अभ्यासाची वेळ. मी कानात हेडफोन घालून भाकरी करत ऐकलंय, पण बोलता येत नाही. मग बाई लोक गप्प असतात असं म्हणतात. दुपारी दोन ते तीन ठेवून बघा, किंवा ठरलेली वेळच नको, ज्याने त्याने सवडीने लिहावं.

आणि बांधावर उभं राहून टाइप होत नाही, आवाजी मेसेज चालू द्या. प्रश्न तोंडीच नीट सांगता येतो.

जुना_विस्तारक

विस्तार शिक्षण शिकवून निवृत्त झालो. वरची चर्चा वाचून बरं वाटलं.

हे अगदी नवं नाही हे तरुण मंडळींना सांगावंसं वाटतं. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजना होती, जागतिक बँकेच्या मदतीची, डॅनियल बेनॉर यांच्या कल्पनेवर उभी. ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्याला दर पंधरवड्याला प्रशिक्षण, आणि विषय विशेषज्ञांची विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर दर महिन्याला कार्यशाळा. शेतातला प्रश्न वर जायचा आणि उत्तर खाली यायचं. योजनेत दोष होते, संदेश वरूनच ठरायचे, खर्चही फार. पण माणसं ठरलेल्या दिवशी समोरासमोर बसायची आणि चहाच्या वेळी जे बोलायची त्यातलं निम्मं ज्ञान कुठल्याही पत्रकात नसायचं. ते बसणं कमी होत गेलं. तुमचा गट ती जागा भरू शकतो.

म्हणूनच 'वरिष्ठ नकोत' याला माझा अर्धा विरोध आहे. गोपनीय अहवाल लिहिणारे अधिकारी नकोत, मान्य. पण विद्यापीठाचे शास्त्रज्ञ हवेतच. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे त्यांच्या एकत्रित संशोधन बैठकीत, मंजूर होतात. मागच्या वर्षीचं बरोबर उत्तर या वर्षी बदललेलं असू शकतं. ते सांगणारं कुणीतरी हवं. शिवाय कीटकशास्त्रज्ञालाही सजेतून येणारे फोटो लागतात. २०१८ साली मक्यावरची नवी लष्करी अळी मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके, ही खूण ज्याच्या डोळ्यांना सवयीची झाली त्यानेच ती लवकर पकडली. अशी सवय गट लावू शकतो.

गप्प राहणाऱ्यांबद्दल काळजी करू नका. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१मध्ये मांडलं की माणूस धंदा शिकतो तो आधी कडेला राहून. त्यांच्या उदाहरणांत युकातानच्या सुईणी आणि लायबेरियातले शिंपी होते. शिकाऊ शिंपी आधी गुंड्या लावतो, काठ शिवतो, कापड बेतणं शेवटी शिकतो. तुमच्या गटात फक्त वाचणारी कृषी सहायकसुद्धा शिकतच असते. तिच्यावर 'सक्रिय व्हा' असा दबाव टाकू नका.

मला सगळ्यात जास्त चिंता नोंदीची वाटते. व्हॉट्सॲपवरचं उत्तर आठवड्यात वर सरकून हरवतं, आणि आवाजी मेसेज तर शोधताही येत नाहीत. एक माणूस नेमा, आळीपाळीने, जो दर रविवारी सुटलेले प्रश्न पाच-सहा ओळींत लिहील. पीक, गाव नको पण तालुका, तारीख, निदान कसं केलं, काय सुचवलं, पुढे काय झालं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. सल्ला दिला आणि पंधरा दिवसांनी शेतात काय दिसलं हे लिहिलं नाही तर आपण चुकलो की बरोबर होतो हे कधीच कळत नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच ठरलं.

गट फक्त सोयाबीनचा, आमच्या आणि लगतच्या तीन तालुक्यांपुरता. कृषी सहायक, पर्यवेक्षक, आमच्या केंद्रातले दोघे आणि परभणीचे एक कीटकशास्त्रज्ञ, ते यायला तयार आहेत. अधिकाऱ्यांना मी स्वतः भेटून सांगेन की हा गट अहवालासाठी वापरला जाणार नाही. परवानगी मागण्यापेक्षा आधी कल्पना दिलेली बरी. वाफसा ताई, पहिला प्रश्न मीच टाकणार आहे: घरच्या बियाण्याची उगवण गोणपाटावर ७० टक्क्यांच्या वर येते आणि शेतात मात्र विरळ उगवतं, असं काही गावांत दोन वर्षं होतंय. मळणीतला मार की पेरणीची खोली, मला अजून खात्री नाही.

नोंदीची पहिली पाळीही माझी. त्या सामायिक फाइलमध्ये ठेवेन, सगळ्यांना शोधता येतील अशा.

डोमकळी भाऊ, प्रश्न विचारायचा तुमचा साचा इथे टाकाल का? आमच्या पिकासाठी त्यात काय बदलावं लागेल तेही सांगा.

डोमकळी

टाकतो ताई. लांब केला तर कुणी भरत नाही, म्हणून एवढाच आहे:

पीक व वाण. पेरणीची तारीख. जमीन हलकी, मध्यम की भारी, चुनखडी आहे का. मागच्या दहा दिवसांतला पाऊस. शेताच्या किती भागात दिसतंय: विखुरलेलं, पट्ट्यात, की खोलगट जागेत. आतापर्यंतची फवारणी, तणनाशकासह. तीन फोटो. तुमचा स्वतःचा अंदाज काय.

शेवटचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका, चुकीचा अंदाजही चालतो. सोयाबीनसाठी खोड चिरलेला चौथा फोटो वाढवा. आणि तुमच्या त्या उगवणीच्या प्रश्नात मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे किती ठेवले होते ते शेतकऱ्यांना विचारून लिहा, आमच्याकडे तिथेच बी फुटत होतं.